‘वरून आलंय’ म्हणजे कुठून? महापालिकेच्या कारभारात वाटा मागणाऱ्या नव्या पुणेकरांसाठी

आमच्या गल्लीतला फुटपाथ दोन वर्षांत दोनदा उखडला. दुसऱ्या खेपेला पेव्हर ब्लॉकचा टेम्पो येऊन थांबला, तेव्हा समोरच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मुकादमाला विचारलं, “अहो दादा, चांगला होता की फुटपाथ. कुणी सांगितलं हे काम?” तो म्हणाला, “वरून आलंय, काकू.” त्याच फुटपाथच्या टोकाला ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण आठ महिने तुटलेलं होतं. त्याचं काम मात्र वरून येत नव्हतं.

हे ‘वर’ नेमकं कुठे आहे, हे शोधायला मला बरेच महिने लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे. आपल्या भागात काय होणार, कुठे होणार आणि किती पैशांत होणार, हे जिथे ठरतं तिथे चार लोकांनीच बसू नये, एवढीच मागणी आहे. पुण्यात ती करायला नवा कायदा लागत नाही. असलेल्या कायद्यात आपल्यासाठी जागा ठेवलेल्या आहेत, त्या रिकाम्या तरी आहेत किंवा गुपचूप भरल्या जातात. मोहिमेची सुरुवात तिथून करा.

पायरी पहिली: कोणाच्या हातात काय आहे ते नीट समजून घ्या

या पायरीवर घाई करू नका. नवे कार्यकर्ते बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला पत्र लिहून सहा महिने घालवतात.

पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० ला स्थापन झाली आणि ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्यावर चालते. या कायद्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे आहेत (कलम ६७). आयुक्त राज्य सरकार नेमतं, पुणेकर निवडून देत नाहीत. महापौर मुख्य सभेचे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचे, अध्यक्ष असतात, शहराचे प्रथम नागरिक असतात, मुदत अडीच वर्षांची. पण एखाद्या रस्त्याचं काम सुरू करा किंवा थांबवा असा आदेश काढायचा अधिकार त्यांना नाही. त्यामुळे ‘महापौरांनी लक्ष घालावं’ असं निवेदन देऊन फोटो काढता येतो, काम पुढे सरकतंच असं नाही.

पैशांचे मोठे निर्णय स्थायी समितीत होतात. सोळा सदस्य असतात, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात आणि अध्यक्ष दरवर्षी निवडला जातो. कोणत्या पक्षाचे किती सदस्य, हे सभागृहातल्या पक्षबळाच्या प्रमाणात ठरतं (कलम ३१अ). म्हणजे ज्याचं सभागृहात बहुमत, त्याचंच स्थायीत बहुमत. मुख्य सभा लोकांसाठी खुली असते, प्रेक्षक सज्ज्यात बसून ऐकता येते. स्थायी समितीचं तसं नाही. दार बंद असतं आणि बैठक संपल्यावर अध्यक्ष पत्रकारांना सांगतात तेवढंच बाहेर येतं. शहराच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्या खोलीत फिरतात, त्याच खोलीत नागरिकाला बसता येत नाही, हे मला आजही पटत नाही.

याशिवाय महापालिकेच्या बाहेरही सत्ता विखुरलेली आहे. बस पीएमपीएमएलकडे, मेट्रो महामेट्रोकडे, आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्याचं नियोजन पीएमआरडीएकडे. तुमचा प्रश्न बसथांब्याचा असेल तर नगरसेवकाच्या मागे लागण्याआधी हे तपासा. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये बाराव्या परिशिष्टात १८ विषय शहरांकडे सोपवायला सांगितले होते. त्यातले किती प्रत्यक्षात नगरसेवकांच्या सभागृहाकडे आले, हे पाहायला लागलात की बरेच खुलासे आपोआप होतात.

आणि एक गोष्ट विसरू नका. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली जवळजवळ चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक होते. प्रस्ताव प्रशासन ठेवत होतं आणि स्थायी समिती म्हणून, मुख्य सभा म्हणून त्याला मंजुरी देणारी व्यक्तीही तीच. २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं अंदाजपत्रक असंच आलं आणि असंच मंजूर झालं. जून २०२१ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांतल्या लोकांना तर मिळकतकराची बिलं आधी आली आणि नगरसेवक त्यानंतर काही वर्षांनी. या काळात एक सवय लागली: कुणाला न विचारता काम उरकण्याची. नवं सभागृह आलं म्हणून ती सवय आपोआप जात नाही.

पायरी दुसरी: आपल्यासाठी ठेवलेल्या जागा ओळखा

पहिली जागा प्रभाग समिती. कायद्याचं कलम २९अ वाचा, दोन पानांचं आहे. पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत: औंध-बाणेर, शिवाजीनगर-घोले रस्ता, कोथरूड-बावधन, वारजे-कर्वेनगर, सिंहगड रस्ता, धनकवडी-सहकारनगर, बिबवेवाडी, कसबा-विश्रामबागवाडा, भवानी पेठ, ढोले पाटील रस्ता, येरवडा-कळस-धानोरी, नगर रस्ता-वडगाव शेरी, हडपसर-मुंढवा, वानवडी-रामटेकडी, कोंढवा-येवलेवाडी. तुमचं कोणतं, ते मिळकतकराच्या बिलावर न शोधता कार्यालयात जाऊन विचारा. हद्दी बदलत असतात. प्रभाग समितीत त्या हद्दीतले नगरसेवक असतात, क्षेत्रीय अधिकारी असतात आणि, इथे नीट लक्ष द्या, तिथे काम करणाऱ्या सामाजिक संस्थांमधून किंवा वस्तीपातळीच्या संस्थांमधून जास्तीत जास्त तीन माणसं घेता येतात. ती त्या हद्दीतली मतदार हवीत आणि त्यांची निवड नगरसेवकच करतात. पाणी, ड्रेनेज, कचरा, पावसाळी गटारं यांच्या तक्रारींचा लवकर निपटारा करणं, भागाच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस करणं आणि ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांना मंजुरी देणं हे या समितीचं काम.

या तीन खुर्च्यांवर बहुतेक वेळा कोण बसतं? तिकीट न मिळालेला कार्यकर्ता. संस्था कागदावर असते. मी हे रागाने लिहीत नाही. जाहिरात निघत नाही, अर्ज मागवले जात नाहीत, म्हणून हे होतं. त्यामुळे पहिली मागणी अगदी साधी ठेवता येते: या तीन जागांसाठी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर सूचना लावा, अर्ज मागवा, आलेले अर्ज उघड करा, निवडीची कारणं लिहा.

दुसरी जागा क्षेत्र सभा. २००९ च्या दुरुस्तीने कलम २९ब ते २९इ आली. गावात ग्रामसभा असते, तशी शहरात मतदारांची सभा. नगरसेवकाने दोन वर्षांत किमान चार वेळा ती घ्यायची आणि घेतली नाही तर पदावर गदा येऊ शकते, इतकी कडक तरतूद. पुण्यात किती जणांनी अशी सभा पाहिली आहे? तुमच्या ओळखीच्या दहा लोकांना विचारा. बहुतेकांना शब्दच माहीत नसतो.

तिसरी जागा नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक. पुणे महापालिकेने हे २००६ मध्ये सुरू केलं, देशात फार लवकर. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयांत अर्ज मिळतात. बाक, दिवे, फुटपाथ, शौचालय दुरुस्ती, बसथांबा अशी छोटी कामं सुचवता येतात, एका कामाला पाच लाखांच्या आसपास मर्यादा. रक्कम एकूण अंदाजपत्रकात किरकोळ आहे हे खरं. तरी मी नव्या माणसाला इथूनच सुरू करायला सांगते, कारण अर्ज नाकारला गेला की ‘का’ विचारायचा हक्क मिळतो, आणि त्या एका ‘का’मागे अख्खी यंत्रणा दिसायला लागते.

पायरी तिसरी: सोमवारी जा, फाईल बघा

आंदोलन, निवेदन, समाजमाध्यमांवरची मोहीम, सगळं नंतर. आधी फाईल.

पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कार्यालयातल्या फायली पाहू देण्याची पद्धत पडली; ती सध्या चालू आहे ना, हे आधी कार्यालयात विचारून घ्या. ही पद्धत आधी पुण्यात रुजली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून ती राज्यभरातल्या स्थानिक संस्थांना लागू केली. माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. ओळखपत्र न्या, वही न्या, नम्रपणे बोला, पण उठू नका.

मी आमच्या फुटपाथची फाईल अशीच पाहिली. पहिल्या सोमवारी “साहेब साइटवर गेलेत” असं उत्तर मिळालं. दुसऱ्या सोमवारी कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर. तिसऱ्या सोमवारी एका तरुण कनिष्ठ अभियंत्याने फाईल समोर ठेवली, वर स्वतःच्या पाण्याची बाटलीही पुढे केली. फाईलला लाल दोरी, कोपरे मऊ पडलेले. सगळ्यात वर टिपणी, मग पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), मग निविदेचे कागद, कार्यादेश, आणि शेवटी मोजमाप पुस्तकाच्या (झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीच्या) प्रती. टिपणीत पहिलं वाक्य होतं, ‘सदर ठिकाणी नागरिकांच्या मागणीनुसार...’ कोणते नागरिक? फाईलमध्ये एकाही नागरिकाचं पत्र नव्हतं. माननीयांचं, म्हणजे नगरसेवकांचं, पत्र होतं, त्यावर तारीख मार्चची, आणि शेजारी ‘वर्गीकरणाने तरतूद उपलब्ध’ असा शेरा.

हे तीन शब्द लक्षात ठेवा: टिपणी, तरतूद, वर्गीकरण. टिपणी म्हणजे काम का हवं, हे कार्यालयाने फाईलवर लिहिलेलं. तरतूद म्हणजे अंदाजपत्रकात त्या कामासाठी ठेवलेले पैसे. वर्गीकरण म्हणजे एका कामाचे पैसे उचलून दुसऱ्या कामाला देणं. मार्चअखेरीला वर्गीकरणाचे प्रस्ताव भराभर येतात. आणि चौथा शब्द ‘स यादी’: नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची अंदाजपत्रकातली यादी. तुमच्या प्रभागाची स यादी मिळवा आणि गल्लीत वाचून दाखवा. आमच्या इथे ती वाचली तेव्हा काकू म्हणाल्या, “म्हणजे झाकणाचे पैसे होते की!” होते. ते दुसरीकडे वळले होते.

फाईल दाखवली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. ‘सर्व माहिती द्यावी’ असं कधीही लिहू नका. ‘अमुक कामाच्या टिपणीची, पूर्वगणनपत्रकाची आणि मोजमाप पुस्तकातल्या संबंधित पानांची साक्षांकित प्रत’ असं लिहा. मोघम मागितलं की मोघम मिळतं.

पायरी चौथी: माणसं जमवा, पण आधी वेळ बदला

ही पायरी सगळ्यात अवघड, आणि इथेच बऱ्याच चांगल्या मोहिमा एकांगी होतात. सत्तेतला वाटा मागणारे आपण, आणि आपल्या बैठकीला येतात फक्त सोसायट्यांचे निवृत्त अध्यक्ष. त्यांचं योगदान मोठं आहे, त्यांच्याकडे वेळ आहे, कागद वाचायची सवय आहे. पण शेजारच्या वस्तीतल्या बायका नसतील तर आपण बंद खोलीची जागा फक्त बदलली.

आमची पहिली बैठक शनिवारी सकाळी अकराला ठेवली होती. वस्तीतून कोणीच आलं नाही. “लोकांना रस नाही” असं आमच्यातल्या दोघांनी लगेच ठरवूनही टाकलं. मग मी स्वतः गेले. तिथल्या एक ताई चार घरची कामं करतात. त्या म्हणाल्या, “अकराला मी तुमच्याच सोसायटीत भांडी घासत असते, ताई.” दुसरी बैठक रात्री साडेआठला, वस्तीतल्या समाजमंदिरात, चटया टाकून. सत्तावीस बायका आल्या. त्यांना फुटपाथ नको होता. सार्वजनिक शौचालयाच्या आतल्या कड्या आणि बाहेरचा एक दिवा हवा होता. कड्या नाहीत म्हणून मुली अंधारात जोडीने जातात, एक आत आणि एक दार धरून बाहेर. हे कुठल्याही सोसायटीच्या बैठकीत कधी आलं नसतं.

त्या वर्षी सहभागी अंदाजपत्रकात आम्ही पहिला अर्ज कड्यांचा आणि दिव्याचा दिला. काउंटरवर सांगितलं, “हे देखभालीत येतं, अर्जात बसत नाही.” आम्ही ते लेखी मागितलं. लेखी द्यायची वेळ आली तेव्हा अर्ज स्वीकारला गेला.

म्हणून: बैठकीची वेळ तिथल्या सगळ्यात व्यस्त माणसाला विचारून ठरवा. वेळ संध्याकाळची, जागा वस्तीतली, आणि मुद्दे लिहिणारी व्यक्ती दर वेळी वेगळी. हजेरीच्या वहीत नाव, गल्ली, सही किंवा अंगठा. पहिल्या तीन महिन्यांत पंधरा-वीस नियमित माणसं जमली तर पुष्कळ. शंभरांची यादी हवी असते ती निवेदनाला, काम पंधराच करतात.

पायरी पाचवी: चारही नगरसेवकांना एकच पत्र

पुण्यात २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. २०२६ च्या निवडणुकीतही बहुतेक प्रभाग चार सदस्यांचेच. १६५ जागा, ४१ प्रभाग. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक असतो, इथे अ, ब, क, ड. याचा आपल्याला होणारा त्रास सगळ्यांना माहीत आहे: प्रत्येक जण सांगतो, ते काम दुसऱ्या माननीयांकडे आहे. पण वापरता आलं तर याचा उपयोगही आहे.

एकच पत्र लिहा, चौघांच्या नावाने. खाली चार चौकटी: मागणीला पाठिंबा आहे की नाही, सही, तारीख. एकाने सही केली की ते पत्र घेऊन दुसऱ्याकडे जा. ज्यांनी केली नाही त्यांची चौकट रिकामी दिसते, आपल्याला काही बोलावं लागत नाही. पत्रात एकच मागणी ठेवा. आमच्या पत्रात पाच होत्या, त्यामुळे प्रत्येकाने सोयीची एक उचलली आणि उरलेल्यांवर कोणी बोललं नाही.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, २०१२ च्या निवडणुकीपासून. तुमच्या नगरसेविका असतील तर पत्र त्यांच्या नावाने लिहा, त्यांच्याच हातात द्या, फोनही त्यांनाच करा. कार्यालयात गेल्यावर त्यांचे यजमान खुर्चीवर असतील तर शांतपणे सांगा, “ताई कधी भेटतील? आम्ही थांबतो.” एकदा आम्ही सव्वा तास थांबलो. नगरसेविका आल्या, बसल्या, पत्र वाचलं आणि असे दोन प्रश्न विचारले जे तोपर्यंत आम्हाला कोणीही विचारले नव्हते. पुढे प्रभाग समितीत त्याच बोलल्या. निवडून आलेल्या बाईला डावलून तिच्या घरच्यांशी बोलणं म्हणजे ज्या वाट्यासाठी आपण भांडतो आहोत, तोच दुसऱ्याचा हिरावून घेणं आहे.

पत्र दिलं की आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्या. पोच नसलेलं पत्र दिलेलं नसतं.

पायरी सहावी: मागणी कार्यपत्रिकेवर आणा

पाठिंबा तोंडी मिळतो, हार घातला की आणखी मिळतो. मागणीला वजन येतं ते ती कार्यपत्रिकेवर आली की. प्रभाग समितीच्या बैठकीआधी विषयपत्रिका निघते; तुमचा विषय नगरसेवकाच्या लेखी प्रस्तावाने त्यात येऊ शकतो. प्रस्तावाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या, आठ-दहा ओळींत, कलमाचा उल्लेख करून. नगरसेवकांकडे माणसं कमी असतात आणि तयार मसुदा पुढे केला की काम सोपं होतं.

मुख्य सभेपर्यंत जायचं असेल तर मार्ग नगरसचिव कार्यालयातून जातो. तिथे कार्यपत्रिका आणि आधीच्या सभांचं इतिवृत्त मिळतं. नगरसेवकाला लेखी प्रश्न विचारता येतात आणि प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं. ‘आजवर किती क्षेत्र सभा झाल्या, कोणत्या तारखांना, इतिवृत्तासह माहिती द्यावी’ हा एक प्रश्न मोर्चापेक्षा जास्त हलवतो. दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, सभा तहकूब होणं: कधी श्रद्धांजलीने, कधी गोंधळाने, आणि तुमचा विषय पुढच्या महिन्यावर जातो. दोन, कार्यपत्रिकेत नसलेले ऐनवेळचे विषय आणि उपसूचना, म्हणजे प्रस्तावात सुचवलेले बदल. मूळ प्रस्ताव एक असतो आणि उपसूचनेने त्याचा अर्थच बदलतो. म्हणून सज्ज्यात दोघं बसा, एक ऐकणारा आणि एक लिहिणारा. आणि इतिवृत्त आलं की त्याच्याशी ताडून पाहा.

एक तपशील: नागरिकाला मुख्य सभेत बोलता येत नाही. सज्ज्यातून घोषणा दिल्या तर बाहेर काढतात आणि त्या दिवसाची बातमी तुमच्या घोषणेची होते, तुमच्या मागणीची होत नाही. हा मोह आवरा.

पायरी सातवी: वर्षाचा हिशेब बांधा

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण निर्णय त्याच्या कितीतरी आधी होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सहभागी अंदाजपत्रकाचे अर्ज. त्यानंतर क्षेत्रीय कार्यालयांकडून मागण्या वर जातात. साधारण जानेवारीपासून आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, स्थायी त्यात भर घालून मुख्य सभेकडे पाठवते, आणि मार्चमध्ये सगळं संपलेलं असतं. मार्चमध्ये अंदाजपत्रकावर निवेदन घेऊन जाणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालणं. तुमची प्रभाग समितीची बैठक, ज्यात खर्चाच्या अंदाजांवर शिफारस व्हायला हवी, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पकडा.

नकार आला तर

येणारच. नगरसेवक म्हणतील की हे राज्याच्या हातात आहे, आणि काही बाबतीत ते खरं बोलत असतील. महापालिकेने केलेला ठराव राज्य सरकार कलम ४५१ खाली निलंबित किंवा रद्द करू शकतं. उलट सभागृहालाही एक मोठा अधिकार आहे: एकूण नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश मतांनी आयुक्तांना परत बोलवा असा ठराव झाला, तर सरकारला ते करावं लागतं. तो क्वचितच वापरला जातो, पण तो आहे हे माहीत असलेला नगरसेवक प्रशासनाशी वेगळ्या सुरात बोलतो.

अंमलबजावणीचे अधिकार निवडून आलेल्यांकडेच द्यावेत, असाही एक विचार आहे. महाराष्ट्रात १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषदेचा (महापौर आणि निवडक नगरसेवकांनी मिळून कारभार चालवायचा) प्रयोग झाला आणि लवकरच गुंडाळला गेला. कोलकात्यात ती पद्धत चालू आहे. माझं मत विचाराल तर आधी प्रभाग समित्या जिवंत करा. खाली कोणी हिशेब विचारणारा नसताना वरच्या दहा जणांना आणखी अधिकार दिले, तर बंद खोली तीच राहते, फक्त नावपाटी बदलते.

इंग्लंडमधल्या शेफिल्डचं उदाहरण मला धीर देतं. तिथे नगर परिषदेचा कारभार एक नेता आणि त्याचं छोटं मंत्रिमंडळ चालवत होतं, बाकीचे नगरसेवक नुसते बसून. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात पाच टक्के मतदारांनी सह्या केल्या तर कारभाराची पद्धत बदलण्यावर सार्वमत घ्यावं लागत होतं. साध्या नागरिकांनी दारोदार फिरून २० हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या, ६ मे २०२१ ला सार्वमत झालं आणि सुमारे ६५ टक्के लोकांनी सर्व पक्षांच्या समित्यांमार्फत कारभार हवा म्हणून कौल दिला. आपल्या कायद्यात असं सार्वमत नाही, त्यामुळे त्यांची वाट जशीच्या तशी चालता येणार नाही. पण त्यांचं पहिलं काम आपल्यासारखंच होतं: बाजारात टेबल टाकून अनोळखी माणसाला समजावणं की निर्णय कोण घेतं. मंडईबाहेर, पीएमपीच्या थांब्यावर, रविवारी सकाळी सारसबागेच्या कडेला आपल्यालाही ते करता येतं. एका मिनिटात समजावता येईल असा तुमच्या प्रभागाचा एकच कागद तयार ठेवा: किती पैसे, कोणत्या कामाला, कुणी ठरवलं.

प्रभागरचना हीसुद्धा सत्तावाटपाचीच गोष्ट आहे. कोणती वस्ती कोणत्या प्रभागात जाते, यावर तिचा आवाज टिकतो की विरतो हे ठरतं. २०२५ च्या प्रारूप रचनेवर पुण्यातून हजारो हरकती गेल्या, आणि त्यासाठी मिळालेला अवधी थोडा होता. पुढच्या वेळी नकाशा जाहीर व्हायची वाट पाहू नका. नाला, रेल्वे, मोठा रस्ता, वस्तीची हद्द दाखवणारा तुमचा स्वतःचा नकाशा आत्ताच करून ठेवा. हरकत ‘अन्याय झाला’ अशी लिहू नका. ‘अमुक वस्ती अमुक रस्त्याने तोडली, नैसर्गिक हद्द पाळली नाही’ अशी लिहा आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.

वही

शेवटचं काम सगळ्यात साधं. दोनशे पानी एक वही घ्या. डावीकडे तारीख, कोणाला भेटलो, काय म्हणाले. उजवीकडे आवक क्रमांक आणि पुढची तारीख. अधिकारी बदलतात, क्षेत्रीय अधिकारी तर वर्षा-दीड वर्षात जातात. नवीन साहेब आले की “मला कल्पना नाही” म्हणतात आणि त्यांना खरंच कल्पना नसते. त्या वेळी वही उघडून सांगता आलं पाहिजे की १४ ऑक्टोबरला तुमच्या आधीच्या साहेबांनी काय कबूल केलं होतं. वही एकाच घरी ठेवू नका, दर महिन्याला फोटो काढून गटात टाका.

आमची वही सध्या त्या चार घरची कामं करणाऱ्या ताईंकडे असते. शौचालयाच्या कड्या बसल्या, दिवा दोनदा गेला आणि दोनदा लागला, त्याच्या तारखा त्यांच्या मुलीच्या अक्षरात आहेत. प्रभाग समितीच्या तीन जागांसाठी सूचना निघावी म्हणून दिलेल्या पत्राच्या पानावर उजवीकडे पुढची तारीख लिहिली आहे, येत्या सोमवारची, दुपारी तीनची.